पाण्याचं भाडं, फुकटचं गायरान

गेल्या पावसाळ्यात एका तालुक्याच्या गावी बैठकीला बसलो होतो. पाच नगरपालिका आणि नगरपंचायतींसाठी मिळून एकच घनकचरा प्रकल्प उभारायचा, हा विषय. सल्लागाराकडून आलेला तरुण पडद्यावर तक्ते दाखवत होता: प्रकल्प जितका मोठा, तितका टनामागे खर्च कमी. प्रकल्प ज्यांच्या गायरानात येणार होता त्या गावचे सरपंच पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. त्यांचं एकच वाक्य होतं, "तुमचा कचरा तुमच्या गावात." मागच्या रांगेतल्या पर्यावरणवाल्या मंडळींचं म्हणणं, प्रत्येक वॉर्डाचा कचरा वॉर्डातच जिरला पाहिजे. दोन तास हेच चाललं. एक मोठा की अनेक छोटे, स्वस्त की स्वच्छ. कोणता कचरा, हे मात्र कुणीच विचारलं नाही. मीही नाही, मला ते घरी परतताना सुचलं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. 'कचरा' नावाची एकच वस्तू आहे असं धरून चाललेला हा वाद कधीच सुटणार नाही. ओला कचरा शक्यतो गावची वेस ओलांडता कामा नये. सुका कचरा तालुक्याला किंवा जिल्ह्याला एकत्र करायला हरकत नाही, उलट तसाच केला पाहिजे. आणि या दोहोंतून जे खरोखर काही कामाचं उरत नाही, तेवढ्यासाठीच पाच गावांची मिळून एक शास्त्रोक्त भरावभूमी, म्हणजे उरलेला कचरा कायमचा पुरायची जागा, हवी. ती ज्या गावात होईल, त्या गावाला भाडं मिळालं पाहिजे. अनुदान, भरपाई, विकासनिधी असले मानभावी शब्द नकोत; भाडंच.

या मतामागे एक वजनकाटा आहे. त्या बैठकीच्या आधी आम्हाला सध्याचा डेपो दाखवायला नेलं होतं. भुरभुर पाऊस. घंटागाड्यांतला माल कॉम्पॅक्टरमध्ये, म्हणजे कचरा दाबून भरणाऱ्या मोठ्या गाडीत, रिकामा होत होता. घंटागाडीला मधोमध पत्र्याचा पडदा होता, एका बाजूला हिरवा रंग, दुसऱ्या बाजूला निळा; दोन्ही कप्पे एकाच तोंडात उलटे झाले. कॉम्पॅक्टर काट्यावर चढला तेव्हा मागच्या दारातून काळपट पाणी गळत होतं. काट्यावरच्या पोराला विचारलं, उन्हाळ्यात याच गाडीचं वजन किती भरतं? तो हसला. "साहेब, पावसाळ्यात दीड-दोन टन जास्तच." ठेकेदाराला पैसे टनावर मिळतात. म्हणजे नगरपालिका पावसाचंही बिल भरत होती.

हिशेब अवघड नाही. समजा पाच गावांचा मिळून रोज ८० टन कचरा निघतो. आपल्याकडे त्यातला निम्मा ओला असतो, म्हणजे ४० टन. भाजीची देठं, फळांची सालं, उष्टं-खरकटं यांत वजनाचा मोठा भाग पाण्याचाच; ६५ टक्के धरला तर २६ टन पाणी. दहा हजार लिटरचे अडीच टँकर पाणी आपण रोज डिझेल जाळून चाळीस-पन्नास किलोमीटर नेणार, आणि तिथे ते लिचेट म्हणून, म्हणजे कचऱ्यातून झिरपणारं घाण पाणी म्हणून, जमिनीत मुरू नये यासाठी आणखी खर्च करणार. ज्या तालुक्यात मार्चपासून पिण्याच्या पाण्याचे टँकर सुरू होतात, तिथे हा उलटा टँकर कुणाच्याच डोळ्यांवर येत नाही?

वाहतुकीचं हे गणित महाराष्ट्राला नवं नाही. ऊस तोडल्यावर शक्यतो २४ तासांत गाळपाला गेला पाहिजे, नाहीतर वजन घटतं आणि उतारा पडतो. म्हणून कारखाने उसाच्या रानात उभे राहिले, मुंबईच्या बंदराशेजारी नाही. कापूस मात्र जिनिंगमध्ये सरकी काढून, गाठी बांधून कुठल्याकुठे जातो. आणि दुधाचं पाहा. गावात संकलन केंद्र, तालुक्याला शीतकरण केंद्र, दूर कुठेतरी मोठी डेअरी. तिन्ही पायऱ्यांना आपापलं काम आहे आणि पहिल्या पायरीवरच फॅट-एसएनएफ, म्हणजे दुधातली स्निग्धता आणि इतर घनपदार्थ, मोजून दर ठरतो. पाणी घातलेल्या दुधाला दर कमी मिळतो, म्हणून चोख दूध घालण्यात घालणाऱ्याचाच फायदा असतो. डेअरी मोठी की संकलन केंद्रं छोटी, असा वाद सहकारात कुणी घातल्याचं मी ऐकलेलं नाही. तसा वाद घालणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं. कचऱ्याच्या बाबतीत मात्र आपण नेमका तोच वाद घालतो आणि त्याला नियोजन म्हणतो.

गंमत म्हणजे कायद्याला हे कळलेलं होतं. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी छोट्या शहरांसाठी सामायिक व्यवस्था सुचवली ती भरावभूमीची. आणि भरावभूमीत जायचं ते वापरात न येणारं, कुजत नसलेलं, प्रक्रियेतून उरलेलं. ओल्या कचऱ्याच्या प्रक्रियेबाबत त्याच नियमांनी विकेंद्रित पद्धतीला प्राधान्य द्या असं सांगितलं, आणि कारणही दिलं: वाहतुकीचा खर्च आणि पर्यावरणावरचा परिणाम दोन्ही कमी व्हावेत म्हणून. खर्च आणि पर्यावरण इथे एकाच बाजूला उभे आहेत. प्रकल्प अहवालांत मात्र 'प्रादेशिक' हा शब्द भरावभूमीपासून सुटून अख्ख्या कचऱ्याला चिकटला.

आता मोठ्या प्रकल्पवाल्यांची बाजू. ती कमकुवत आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. भरावभूमीला खाली मातीचा आणि प्लास्टिकचा थर लागतो, लिचेट गोळा करण्याची व्यवस्था लागते, आसपासच्या विहिरींची नियमित तपासणी लागते. पंधरा हजार वस्तीच्या नगरपंचायतीला हे झेपणार नाही. ती 'भरावभूमी' या नावाखाली खड्डा खणेल आणि उन्हाळ्यात तिथे आग लागेल. छोट्या गावाकडे अभियंता नसतो. असला तर पाणीपुरवठा, रस्ते आणि घरपट्टीच्या तक्रारी यांत गुंतलेला असतो. सुक्या कचऱ्याचंही तेच. बिस्किटपुड्याच्या बहुपदरी वेष्टनाला एका गावात कुणी गिऱ्हाईक नसतं. वीस गावांचा माल गाठी बांधून ठेवला की सिमेंट कारखान्याला जळण म्हणून तो घ्यावासा वाटतो. हे सगळं मान्य.

ओल्या कचऱ्याचेही मोठे प्रकल्प चालतात, हेही मान्य केलं पाहिजे, नाहीतर माझाच युक्तिवाद अप्रामाणिक ठरेल. गोव्यात साळगावचा प्रकल्प २०१६ मध्ये रोजच्या १०० टनांच्या क्षमतेने सुरू झाला आणि पुढे वाढवावा लागला. किनारपट्टीच्या गावांचा कचरा तिथे जातो. इंदूरला २०२२ पासून रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा प्रकल्प उभा आहे. मग माझं म्हणणं खोटं पडलं का? साळगावजवळ कळंगुट-बागाच्या हॉटेलांचा दाट पट्टा हाकेच्या अंतरावर आहे. इंदूर हे एकच शहर आहे, आणि तिथे कचरा दारातच वेगळा होऊन गाडीत पडतो. दोन्हीकडे अंतर थोडं आणि माल चोख. आकार हा मुद्दाच नाही. अंतर आणि चोखपणा हे दोन आकडे ज्या अहवालात नाहीत, त्यात टनामागचा खर्च कितीही कमी दाखवलेला असो, तो कागदावरचाच.

चोखपणाकडे दुर्लक्ष केलं की काय होतं, हे आपण फार पूर्वी पाहिलं आहे. १९८७ मध्ये दिल्लीत तिमारपूरला डॅनिश तंत्राने रोज ३०० टन कचरा जाळून वीज करणारा प्रकल्प उभा राहिला. यंत्रं उत्तम होती. पण दिल्लीचा कचरा ओला, मातीने भरलेला. कागद आणि प्लास्टिक आधीच कचरावेचकांनी उचललेलं. जळणार काय? काही आठवड्यांतच प्रकल्प बंद पडला. तीच चूक उलट्या बाजूनेही होते. ज्या डेन्मार्ककडून आपण ते तंत्र आणलं, त्या देशाकडे पुढे भट्ट्याच इतक्या झाल्या की त्या पेटत्या ठेवायला बाहेरून कचरा आणावा लागला. अखेर २०२० मध्ये जाळण्याची क्षमता ३० टक्क्यांनी घटवायचं तिथल्या राजकीय पक्षांनी ठरवलं. भट्टीला भूक असते. रोज अमुक टन पुरवू, नाही पुरवले तर दंड भरू, असा करार पंचवीस वर्षांसाठी एकदा केला की कचरा कमी करणारी नगरपालिका स्वतःच्याच कराराची गुन्हेगार ठरते.

आणि सगळी अंडी एका टोपलीत ठेवण्याचा धोका? इटलीतल्या नेपल्सच्या आसपासच्या कंपानिया प्रदेशाने नव्वदच्या दशकात प्रादेशिक आराखडा केला: सात ठिकाणी कचऱ्याच्या गाठी बांधायच्या आणि मोठ्या भट्टीत जाळायच्या. गाठी बांधायचं काम सुरू झालं, नेपल्सजवळच्या आचेर्रा गावची भट्टी मात्र २००९ पर्यंत पेटलीच नाही. तोवर लाखो गाठी शेतजमिनींवर रचून ठेवल्या गेल्या, शहरातले रस्ते कचऱ्याने तुंबले आणि इटलीचा कचरा आगगाडीने जर्मनीला गेला. साखळीतली एक कडी रखडली आणि पुरा प्रदेश बसला. इतक्या लांब जायचीही गरज नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये औरंगाबादच्या नारेगाव डेपोवर ग्रामस्थांनी गाड्या अडवल्या, आणि शहराजवळ दुसरी जागाच नव्हती. कित्येक आठवडे कचरा चौकाचौकांत साचला, तो नेऊन टाकायला जागा शोधताना शहराच्या कडेच्या मिटमिट्यात दगडफेक आणि लाठीमार झाला. ओला कचरा आपापल्या भागात जिरवायची सवय असती तर तो अडवलेला ट्रक गैरसोय ठरला असता. तसा तो अख्ख्या शहराचा गळा ठरला.

पण छोट्या प्रकल्पवाल्यांनी इथे टाळ्या वाजवायचं कारण नाही. पुण्याने वॉर्डावॉर्डांत पाच-पाच टनांचे बायोगॅस प्रकल्प उभारले, दोन डझनांच्या आसपास. त्यांतले अनेक क्षमतेपेक्षा बरेच कमी चालले, काही नुसते उभे राहिले. कारण तेच: त्यांच्याकडे येणाऱ्या ओल्या कचऱ्यात पिशव्या, दोऱ्या, काचा. 'विकेंद्रित' म्हटल्याने दुर्गंधी सुगंधी होत नाही. खत होणार म्हणून टाक्या बांधल्या, उलथापालथ करायला माणूस नेमला नाही आणि चार महिन्यांत त्यात उंदीर झाले, अशा टाक्या मी स्वतः तीन गावांत पाहिल्या आहेत. छोट्या प्रकल्पाला यंत्र कमी आणि माणूस जास्त लागतो. माणसाचा पगार अंदाजपत्रकात दर वर्षी दिसतो, यंत्राचं अनुदान एकदाच वरून येतं. म्हणून कोणत्याही नगरपालिकेला यंत्रच हवं असतं. सुकाणू चुकतं ते इथे. तंत्रज्ञानावर खापर फोडण्यात अर्थ नाही.

"आपले लोक कचरा वेगळा करतच नाहीत हो," हे वाक्य त्या बैठकीत तीनदा आलं. लोक करत नाहीत, की केलेलं आपण मोडतो? डोळ्यांदेखत दोन्ही कप्पे एका तोंडात उलटे होताना पाहिलेली बाई दुसऱ्या दिवशी दोन डबे कशाला ठेवेल? सिंधुदुर्गात वेंगुर्ल्यासारख्या जेमतेम बारा हजार वस्तीच्या गावात कचरा दोनच काय, वीसहून अधिक प्रकारांत वेगळा झाला आणि जुन्या डेपोच्या जागी लोक फिरायला जाऊ लागले. त्यावर उत्तर येतं, तिथे एक धडपड्या मुख्याधिकारी होता. खरं आहे, आणि अधिकारी बदलून जातात. म्हणून मला पुण्याचं 'स्वच्छ' जास्त महत्त्वाचं वाटतं. १९९३ मध्ये कचरावेचकांची संघटना झाली, २००८ पासून त्यांची सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करते. तिथल्या बाईचं पोट वेगळ्या झालेल्या सुक्या कचऱ्यावर चालतं. ती एकत्र केलेला डबा परत करते, चार शब्दही ऐकवते. दुधाच्या केंद्रावरचा फॅट मोजणारा माणूस आणि ती, दोघांचं काम एकच. मोठ्या प्रकल्पाचा ठेका निघतो तेव्हा सगळ्यात आधी तिचं नाव हिशेबातून गळतं. गाडीतलं काहीही तिने उचललं की ठेकेदाराचं वजन कमी होतं ना!

म्हणून पैसे टनावर देणं आधी थांबवा. घरामागे द्या, आणि प्रकल्पाच्या दारात ओल्या मालात किती घाण आहे हे पाहून कापा. जी नगरपालिका चोख माल देईल तिला कमी दर, मिसळ देईल तिला दुप्पट. भरावभूमीच्या दारात मात्र टनावरच दर लावा, आणि तो सणसणीत लावा. मग मुख्याधिकाऱ्याला खत करणं परवडेल, कारण न करणं महाग पडेल.

राहिला यजमान गावाचा प्रश्न, आणि तोच मला सगळ्यात टोचतो. शहरं कचरा वेशीबाहेर नेतात आणि मग स्वतःच वेशीबाहेर वाढतात. कुर्ला-चेंबूर रेल्वेमार्ग मुळात मुंबईचा कचरा वाहायला झाला. त्यावर माणसांची गाडी धावली ती १९२४ मध्ये. १९२७ पासून कचरा घेणारं देवनार आज भर वस्तीत आहे. पुण्याचा डेपो आधी कोथरूडला होता. कोथरूडमध्ये इमारती आल्या, ओरड झाली, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डेपो उरुळी देवाची-फुरसुंगीला गेला. कोथरूडच्या त्या जागेवर आज मेट्रोचा डेपो आहे. उरुळी-फुरसुंगीच्या वाट्याला नासलेल्या विहिरी आल्या. मग टँकर, मग पाणीयोजना, मग डोंगरावर माती टाकून तो झाकणं, मग तोच डोंगर उकरून बायोमायनिंग, म्हणजे जुना कचरा चाळून वेगळा करणं. २०१७ मध्ये ही गावं महापालिकेत घेतली, नंतर वगळून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. पुण्याचं कचऱ्याचं 'स्वस्त' धोरण नेमकं किती रुपयांना पडलं, याची बेरीज करताना हे सगळे खर्च कोण धरतं? विहीर नासली की तो 'पर्यावरणावरचा परिणाम'. टँकर पाठवला की तो पाणीपुरवठा विभागाचा खर्च. पैसा एकच, रकाने वेगळे.

म्हणूनच सरपंचांचं "तुमचा कचरा तुमच्या गावात" हे मला आडमुठेपणाचं वाटत नाही. त्यांना जे दाखवलं गेलं ते ऐंशी टन मिसळ कचरा, रोज, कायमचा. ओला कचरा तिकडेच जिरवून, सुका विकून, उरलेले दहा-पंधरा टन राखमाती आणि चिंध्या येणार असतील. टनामागे भाडं थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात जमा होणार असेल. विहिरींच्या तपासणीचा कागद दर महिन्याला चावडीवर लागणार असेल. आणि त्या कागदावर आकडा चुकला तर गाडी अडवण्याचा हक्क ग्रामसभेला लेखी मिळणार असेल, तर ती बोलणी वेगळी होतील. कदाचित तरीही ते नाहीच म्हणतील. तो त्यांचा हक्क आहे. पण तेव्हा आपण निदान खरा प्रश्न विचारलेला असेल. शिवाय भाडं द्यायचं म्हटलं की दहा टन आणि ऐंशी टन यांतला फरक पाचही नगरपालिकांना दुसऱ्याच दिवशी कळेल.

यावर एक आक्षेप रास्त आहे: पैशाने गावं विकत घेता येतील, गरीब गाव आधी हो म्हणेल. होय, हा धोका आहे. पण आज काय होतं? आज गरीब गाव फुकट घेतलं जातं. बैठकीनंतर चहाच्या वेळी मी तो प्रकल्प अहवाल चाळत होतो. यंत्रांच्या किमती पैशापर्यंत मांडलेल्या, डिझेल किलोमीटरमागे काढलेलं, विजेचा दर पुढच्या वीस वर्षांचा धरलेला. जमिनीच्या ओळीत लिहिलं होतं: 'गायरान, शासकीय, उपलब्ध', आणि रकमेच्या रकान्यात शून्य. सरपंचांना ते पान दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "उपलब्ध म्हणजे काय? सकाळी या. दीडशे शेळ्या असतात तिथं."